हिशोब फक्त लहान माणसालाच का? निवडणूक खर्चाच्या कायद्याची सत्तर वर्षे

लोकसभेला उभ्या राहिलेल्या उमेदवाराने निवडणूक खर्चाचा हिशोब दिला नाही, तर निवडणूक आयोग त्याला तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. ग्रामपंचायतीच्या एका वॉर्डात उभ्या राहिलेल्या उमेदवाराने हिशोब दिला नाही, तर महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे त्याला पाच वर्षांसाठी अपात्र ठरवता येते. आणि ज्या पक्षाच्या तिजोरीतून कोट्यवधी रुपये वाहतात, त्या पक्षाने वीस हजारांवरच्या देणगीदारांची यादी आयोगाला दिलीच नाही तर? त्याची आयकरातली सवलत जाते. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-क मध्ये त्यासाठी सांगितलेली शिक्षा एवढीच.

म्हणजे माणूस जेवढा लहान, तेवढी शिक्षा मोठी. हे असे कसे झाले? कायदा करणाऱ्यांना सुचले नाही म्हणून झाले, असे आम्हाला वाटत नाही. गेल्या सत्तर वर्षांत जेव्हा जेव्हा मोठ्या पैशाचा हिशोब मागायची वेळ आली, तेव्हा तेव्हा कायदा बदलण्यात आला. लहान उमेदवाराच्या हिशोबाचे कलम मात्र जागच्या जागी राहिले. हा इतिहास आपल्या तरुणांनी माहीत करून घेतला पाहिजे. राखीव जागेवर निवडून जाणारा आपला माणूस समाजाचे ऐकतो की पक्षश्रेष्ठींचे, या प्रश्नाचे मूळही याच इतिहासात आहे.

कायद्याची सुरुवात

उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा घालायची आणि निकालानंतर त्याच्याकडून हिशोब घ्यायचा, ही पद्धत आपल्याकडे इंग्रजांकडून आली. ब्रिटनमध्ये १८८३ साली निवडणुकीतल्या भ्रष्ट व बेकायदेशीर प्रकारांविरुद्ध कायदा झाला. मते विकत घेणे, दारू पाजणे, जेवणावळी घालणे याला आळा घालण्यासाठी त्याने प्रत्येक उमेदवाराच्या खर्चाला कमाल मर्यादा घातली आणि हिशोब सक्तीचा केला. त्या काळात निवडणूक हा मुख्यतः त्या त्या मतदारसंघातला सामना असे. उमेदवाराचा हिशोब घेतला की निवडणुकीचा बहुतेक हिशोब हाती येत असे.

हाच साचा आपल्या १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात आला. हे विधेयक संसदेत कायदामंत्री म्हणून बाबासाहेबांनी मांडले आणि पार नेले. प्रौढ मताधिकारावर उभी राहणारी पहिली निवडणूक होती ती. ज्यांच्या बापजाद्यांना गावच्या चावडीवर उभे राहण्याची सोय नव्हती, ते आता उमेदवारी अर्ज भरणार होते. म्हणून कायद्यात अनामत रकमेचा विचार झाला. लोकसभेसाठी ५०० रुपये, पण अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला २५०. विधानसभेसाठी २५० आणि १२५. खर्चाची मर्यादा नियमांनी घातली. एक सदस्य निवडून द्यायच्या लोकसभा मतदारसंघात बहुतेक राज्यांत ती २५ हजार रुपये होती.

या तरतुदींमागचा विचार बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात आधीच मांडला होता. राजकारणात आपण एक माणूस, एक मत, एक मूल्य मानणार. सामाजिक आणि आर्थिक जीवनात मात्र विषमता तशीच राहणार. ही विसंगती लवकर संपवली नाही, तर विषमतेने पोळलेले लोक ही राजकीय लोकशाहीच उद्ध्वस्त करतील, असा त्यांचा इशारा होता. खर्चाची मर्यादा आणि हिशोब ही या विसंगतीवरची एक लहानशी तटबंदी होती. पैशाची विषमता मतपेटीपर्यंत पोहोचू नये, एवढाच तिचा हेतू.

सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. त्यानंतर झालेल्या निवडणुकीत मुंबई उत्तर मतदारसंघातून काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांच्याकडून ते सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभूत झाले. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही तेच झाले. एका बाजूला शेड्युल्ड कास्ट फेडरेशनची वर्गणीवर चालणारी चळवळ आणि दुसऱ्या बाजूला देशभर पसरलेला सत्ताधारी पक्ष, असा तो सामना होता. उमेदवारांवर मर्यादा एकच होती. पक्षांवर कोणतीच नव्हती. उमेदवाराचा हिशोब घ्यायचा आणि पक्षाला विचारायचेही नाही, ही कायद्यातली फट पहिल्या निवडणुकीपासूनच होती.

शेठजींच्या देणग्या

ही फट किती मोठी आहे, हे सहाच वर्षांत मुंबईत दिसले. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या घटनापत्रात बदल करायचा होता. एका भागधारकाने विरोध केला आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. १९५७ साली मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी निकाल दिला. तेव्हाच्या कायद्यात अशा देणग्यांना बंदी नव्हती, म्हणून बदलाला परवानगी मिळाली. पण कंपन्यांचा पैसा राजकारणात शिरला तर तो लोकशाहीचा गळा घोटू शकतो, संसदेने याकडे वेळीच लक्ष द्यावे, असा स्पष्ट इशाराही त्यांनी दिला.

संसदेने काय केले? १९६० मध्ये कंपन्यांच्या देणग्यांना मर्यादा घातली. २५ हजार रुपये किंवा सरासरी नफ्याच्या पाच टक्के, यातली जी मोठी असेल ती. शिवाय कोणत्या पक्षाला किती दिले, हे कंपनीने आपल्या हिशोबात दाखवायचे. १९६९ मध्ये अशा देणग्यांवर पूर्ण बंदी आली. पण पक्षांच्या खर्चावर मर्यादा आली नाही आणि पक्षांनी आपले हिशोब उघड करावेत असा कायदाही आला नाही. परिणाम व्हायचा तोच झाला. चेकने येणारा पैसा रोखीने यायला लागला. १९८५ मध्ये बंदी उठली, तोपर्यंत काळ्या पैशाची वाट चांगलीच रुळली होती.

१९७४: एकच वर्ष, दोन रस्ते

या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे वर्ष १९७४ आहे. दिल्लीच्या सदर मतदारसंघातून १९७१ साली काँग्रेसचे अमरनाथ चावला निवडून आले होते. पराभूत उमेदवार कंवरलाल गुप्ता यांनी त्यांच्या निवडीला आव्हान दिले. चावलांनी दाखवलेला खर्च मर्यादेत होता. पण त्यांच्यासाठी पक्षाने केलेला खर्च मोजायचा की नाही? ३ ऑक्टोबर १९७४ रोजी न्यायमूर्ती भगवती यांनी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दिला. उमेदवाराला माहीत असताना आणि त्याची हरकत नसताना पक्ष त्याच्या प्रचारावर खर्च करत असेल, तर तो उमेदवाराचाच खर्च धरला पाहिजे. नाहीतर श्रीमंत पक्षाचा उमेदवार मर्यादा सहज ओलांडेल आणि सामान्य माणसाला निवडून येण्याची संधीच उरणार नाही. चावलांची निवड रद्द झाली.

पुढे काय झाले ते नीट पाहा. सोळा दिवसांत, १९ ऑक्टोबरला, सरकारने वटहुकूम काढला. डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. कलम ७७ ला एक 'स्पष्टीकरण' जोडण्यात आले. पक्षाने, संघटनेने, मित्राने, हितचिंतकाने केलेला खर्च हा उमेदवाराने केलेला किंवा त्याने मंजूर केलेला खर्च मानला जाणार नाही. एका वाक्यात खर्चाची मर्यादा निकामी झाली. उमेदवाराने २५ रुपयांच्या पावत्या जपून ठेवायच्या आणि त्याच्या पक्षाने त्याच रस्त्यावर लाखो रुपये उधळायचे, हे कायदेशीर झाले.

त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात मतदारांनी थेट मतदानाने 'पोलिटिकल रिफॉर्म अॅक्ट' मंजूर केला. वॉटरगेट प्रकरणाने तिथली जनता संतापलेली होती. या कायद्याप्रमाणे उमेदवारालाही हिशोब द्यावा लागतो आणि त्याच्यासाठी पैसा गोळा करणाऱ्या, खर्च करणाऱ्या राजकीय समित्यांनाही. शंभर डॉलर किंवा त्याहून जास्त देणाऱ्याचे नाव, पत्ता, व्यवसाय आणि तो कुठे नोकरी करतो, हे सगळे त्या हिशोबात लिहावे लागते. तिथे पैसा संपला असे कोणी म्हणणार नाही. अमेरिकेच्या राजकारणात पैशाचा धुमाकूळ आजही आहे, आणि १९७६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने खर्चाच्या मर्यादा बऱ्याच अंशी उडवून लावल्या. तरीही देणगीदार उघड करण्याची सक्ती त्याच न्यायालयाने कायम ठेवली. पैसा कुणाचा हे कळणे हा मतदाराचा हक्क आहे, एवढे तरी तिथे मान्य झाले. आपल्याकडे ते सर्वोच्च न्यायालयाच्या तोंडून ठामपणे यायला पन्नास वर्षे लागली.

निकाल आला की कायदा बदला

१९७४ ला जी रीत पडली ती पुढेही चालू राहिली. १९७५ मध्ये आणीबाणीत निवडणूक कायद्यात पुन्हा बदल झाले. आधी निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासूनचा खर्च मोजला जात असे. तो आता उमेदवारी दाखल केल्यापासून निकालापर्यंतचाच मोजायचा ठरला. आधीच्या सभा, आधीचे दौरे, आधीची पोस्टर्स हिशोबाबाहेर गेली. आजही तेच आहे. अर्ज भरण्याच्या आदल्या दिवसापर्यंत गावात कितीही बॅनर लावा, कलम ७७ त्याकडे पाहत नाही.

१९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या स्पष्टीकरणाला वैध ठरवले. १९९३ मध्ये महाराष्ट्रातले प्रकरण आले. अहमदनगरच्या लोकसभा निवडणुकीवरून यशवंतराव गडाख आणि बाळासाहेब विखे पाटील यांच्यात लढलेला तो गाजलेला खटला. मुख्य वाद प्रचारातल्या विधानांचा होता. पण निकाल देताना न्यायालयाने खर्चाच्या कायद्यावरही बोट ठेवले. उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे आणि पक्षाचा खर्च कायद्याच्या जाळ्याबाहेर सुरक्षित आहे. असा कायदा वास्तवाशी जुळत नाही, असा त्या टिप्पणीचा आशय होता.

१९९६ साली न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांनी 'कॉमन कॉज' प्रकरणात आणखी एक गोष्ट उघड केली. पक्षांना आयकरातून सूट हवी असेल तर हिशोब ठेवायचे, विवरणपत्र भरायचे, असा कायदा १९७९ पासून लागू होता. अनेक पक्षांनी ते वर्षानुवर्षे भरलेच नव्हते आणि आयकर खाते गप्प बसले होते. एखाद्या छोट्या दुकानदाराने असे केले असते तर?

२००३ मध्ये कायदा थोडा सुधारला. पक्षाने वीस हजारांवरच्या देणग्या आयोगाला कळवायच्या. हितचिंतकांच्या खर्चाची पळवाट बंद झाली. स्टार प्रचारकांचा प्रवासखर्च मात्र उमेदवाराच्या हिशोबातून वगळण्यात आला. मान्यताप्राप्त पक्षाला असे ४० प्रचारक, इतर नोंदणीकृत पक्षाला २०. अपक्षाला एकही नाही. हेलिकॉप्टर उतरते ते कोणाच्या सभेला, आणि रिक्षावर भोंगा लावून कोण फिरतो, हे आपण सगळे पाहतोच.

२०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला की काँग्रेस आणि भाजप या दोन्ही पक्षांनी परदेशी देणगीविरोधी कायद्याचा भंग केला आहे. मग २०१६ आणि २०१८ च्या वित्त कायद्यांतून तो देणग्यांचा कायदाच पूर्वलक्षी प्रभावाने बदलण्यात आला. दुसऱ्या बदलाने तर थेट १९७६ पासून. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या दोन पक्षांचा गुन्हा एकाच पेनाच्या फटकाऱ्याने पुसला गेला. १९७४ ला काँग्रेसने केले ते २०१८ ला भाजपने केले. सत्ता बदलली, रीत बदलली नाही.

पुणे करारापासून पक्षाच्या तिजोरीपर्यंत

इथे कुणी विचारेल, हा प्रस्थापित पक्षांमधला पैशाचा खेळ आहे, यात आपला काय संबंध? संबंध थेट आहे.

१९३२ च्या पुणे कराराने स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि राखीव जागा आल्या. राखीव जागेवर उमेदवार आपला, पण त्याला निवडून देणारे बहुसंख्य मतदार इतर. १९४५ साली काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले याचा बाबासाहेबांनी जो हिशोब मांडला, त्यात हीच तक्रार आहे की अशा रचनेत समाजाचा खरा प्रतिनिधी पडतो आणि दुसऱ्यांच्या मर्जीतला निवडून येतो. पुणे कराराला पन्नास वर्षे झाली तेव्हा, १९८२ साली, कांशीरामजींनी 'चमचा युग' लिहून हीच गोष्ट पुढच्या पिढीला सांगितली.

आम्हाला यात एक गोष्ट जोडायची आहे. चमचा तयार होण्याचे एक कारण मतदारसंघाची रचना आहे, तर दुसरे कारण पैसा आहे. राखीव जागेच्या उमेदवाराकडे सहसा साखर कारखाना नसतो, शिक्षणसंस्था नसते, बापाची शंभर एकर बागायत नसते. आजची लोकसभेची खर्चमर्यादा मोठ्या राज्यांत ९५ लाख आहे आणि विधानसभेची ४० लाख. ती राखीव आणि खुल्या जागांना सारखीच. एवढा पैसा आपल्या माणसाकडे कुठून येणार? तो पक्षाकडून येतो. आणि १९७४ नंतर पक्षाच्या पैशाला ना मर्यादा राहिली, ना नीट हिशोब. ज्याच्या तिजोरीवर निवडून यायचे त्याचाच शब्द सभागृहात पाळायचा, हे मग ओघाने आले. अत्याचाराच्या प्रश्नावर राखीव जागेचा आमदार सभागृहात गप्प का बसतो, असा प्रश्न आपण विचारतो, तेव्हा त्याच्या प्रचाराचा खर्च कोणी केला हेही विचारले पाहिजे. दुर्दैवाने नेमके तेच कायद्याने लपवून ठेवले आहे.

हिशोब दिला, पण खरा का?

हिशोब दिला तरी तो खोटा असला तर? १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की केवळ चुकीचा हिशोब दिला म्हणून निवडणूक रद्द करता येत नाही. याच मुद्द्यावर महाराष्ट्रातले सर्वांत गाजलेले प्रकरण म्हणजे २००९ ची भोकर विधानसभा निवडणूक. तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांनी वृत्तपत्रांतल्या जाहिरातींवर ५,३७९ रुपये खर्च दाखवला होता. त्याच काळात वृत्तपत्रांत त्यांच्या कौतुकाची पानेच्या पाने छापून आली होती. ती बातमी होती की पैसे देऊन छापलेली जाहिरात, असा प्रश्न पत्रकार पी. साईनाथ यांनी उभा केला.

मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा मुद्दा निकाली काढला. हिशोब वेळेत आला का एवढेच पाहून आयोगाने थांबायचे नाही. तो खरा आहे का हेही तपासण्याचा अधिकार त्याला आहे. पुढे आयोगाने चव्हाणांविरुद्ध दिलेला आदेश मात्र सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केला. चव्हाण अपात्र ठरले नाहीत. पण या लढाईतून मिळालेला कायद्याचा मुद्दा आपल्या कामाचा आहे. कोणाचाही हिशोब आज आव्हानाच्या पलीकडे नाही.

रोख्यांचा पडदा

२०१७ च्या अर्थसंकल्पात निवडणूक रोख्यांची घोषणा झाली आणि जानेवारी २०१८ मध्ये योजना लागू झाली. स्टेट बँकेतून एक हजार ते एक कोटी रुपयांचे रोखे घ्यायचे आणि पक्षाला द्यायचे. कोणी दिले, कोणाला दिले, हे मतदाराला कळणार नाही. पक्षाने ते आयोगालाही सांगायचे नाही. कंपनीच्या देणगीवरची नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादाही त्याच वर्षी काढून टाकण्यात आली. छागलांचा इशारा साठ वर्षांनी असा केराच्या टोपलीत गेला.

या योजनेत एक अट होती, तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. मागच्या लोकसभा किंवा विधानसभा निवडणुकीत किमान एक टक्का मते मिळवलेल्या पक्षालाच रोखे वटवता येत होते. उद्या आपल्या तरुणांनी नवा पक्ष काढला तर तो दाराबाहेर. गुप्त पैशाची सोय झाली, तीही मोठ्यांसाठी राखीव!

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही योजना घटनाबाह्य ठरवली. पक्षाचा पैसा कुठून येतो हे जाणून घेणे हा मतदाराच्या अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. स्टेट बँकेने माहिती द्यायला ३० जूनपर्यंत मुदत मागितली, म्हणजे लोकसभा निवडणूक उरकल्यावर. न्यायालयाने ती नाकारली आणि मार्चमध्ये सगळी यादी जाहीर झाली. एप्रिल २०१९ पासूनच्या या यादीत एकट्या भाजपच्या वाट्याला सुमारे ६,०६० कोटी रुपये आले होते; तृणमूल काँग्रेसला सुमारे १,६०९ कोटी आणि काँग्रेसला सुमारे १,४२१ कोटी.

गावातला उमेदवार

आता पुन्हा गावात येऊ. ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायतीत अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा मिळाल्या, महिलांना एक तृतीयांश आणि महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या. पहिल्यांदाच निवडणूक लढवणारे हजारो बहुजन स्त्री-पुरुष या दारातून आत आले. त्यांच्यावर महाराष्ट्र ग्रामपंचायत कायद्याचे कलम १४-ब लागू आहे. निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशोब द्यायचा. योग्य कारणाशिवाय दिला नाही तर पाच वर्षे अपात्र.

२०१७ साली राज्य निवडणूक आयोगाने ग्रामपंचायत सदस्यासाठी खर्चाची मर्यादा २५ हजार ते ५० हजार ठेवली. एवढ्याशा खर्चाचा कागद दिला नाही म्हणून पाच वर्षे! जो हरला तो मजुरीला लागतो, ऊसतोडीला जातो, आणि हरलेल्यालाही हिशोब द्यावा लागतो हे त्याला कोणी सांगत नाही. बिनविरोध आलेल्या ताईंना वाटते की आपला खर्चच झाला नाही, मग कागद कसला? खर्च शून्य असेल तर शून्याचाही हिशोब द्यावा लागतो. पुढच्या निवडणुकीत अर्ज भरायला गेले की मग अपात्रतेचा आदेश समोर येतो. विरोधी पॅनेलच्या वकिलाला मात्र तो आधीपासून माहीत असतो. हिशोब मागू नये असे आमचे म्हणणे नाही. हिशोब सगळ्यांनी द्यावा, आणि शिक्षा पैशाच्या प्रमाणात असावी, उलट्या प्रमाणात नको.

मग करायचे काय?

पहिले काम, आपला एकही उमेदवार कागदापायी बाद होता कामा नये. लोकसभा-विधानसभेसाठी निवडणूक खर्चाचे वेगळे बँक खाते काढावे लागते आणि आयोगाच्या वहीत रोजचा खर्च, रोख आणि बँक अशा तीन नोंदी ठेवाव्या लागतात. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत राज्य निवडणूक आयोगाचे नमुने असतात. हे काम उमेदवारावर सोडू नका. प्रत्येक उमेदवारामागे हिशोबाचा एक कार्यकर्ता पहिल्या दिवसापासून नेमा. नोटीस आली तर मुदतीत लेखी उत्तर द्या. आधीच अपात्र ठरलेल्यांनीही हातपाय गाळू नयेत. कारणे नोंदवून ही अपात्रता उठवण्याचा किंवा तिची मुदत कमी करण्याचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाला आहे.

दुसरे काम, दुसऱ्यांचे हिशोब वाचा. १९६१ च्या निवडणूक नियमांतला ८८ वा नियम सांगतो की एक रुपया फी भरून कोणालाही लोकसभा-विधानसभेच्या कोणत्याही उमेदवाराचा हिशोब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे पाहता येतो आणि ठरलेली फी भरून प्रत घेता येते. एक रुपया! गावात किती गाड्या फिरल्या, किती जेवणावळी उठल्या, किती बॅनर लागले, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलेले असते. प्रचार चालू असतानाच तारखेसह फोटो काढून ठेवा, निकालानंतर हिशोबाशी ताडून पाहा आणि तफावत असेल तर लेखी तक्रार करा. बाबासाहेबांच्या कायद्याने दिलेले हे हत्यार आपण वापरत नाही म्हणूनच समोरचा निर्धास्त असतो.

तिसरे काम अवघड आहे, पण तेच महत्त्वाचे. आपल्या पक्षांनाही हाच प्रश्न विचारला पाहिजे. २०१३ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने सहा राष्ट्रीय पक्ष माहिती अधिकाराखाली येतात असा आदेश दिला. त्यात बसपाही होता. सहाही पक्षांनी तो पाळला नाही. बसपाने रोख्यांतून एक पैसाही घेतला नाही, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण वर्षानुवर्षे वीस हजारांवरची एकही देणगी नाही असे सांगणाऱ्या पक्षाने छोट्या देणग्यांचा हिशोब स्वतःहून लोकांसमोर ठेवला असता, तर विरोधकांची तोंडे कायमची बंद झाली असती. १९८८ च्या अलाहाबाद पोटनिवडणुकीत कांशीरामजींनी मतदारांकडे मताबरोबर एक नोट मागितली होती. ज्याने नोट दिली त्याचा हिशोब विचारण्याचा हक्क तयार होतो, आणि ज्याने नोट घेतली तो त्याच माणसाला बांधील राहतो, हा त्यामागचा विचार होता. वर्गणी देणारा मजूर हाच आपला सर्वांत मोठा देणगीदार आहे. त्याला पावती मिळाली पाहिजे आणि निवडणुकीनंतर जमाखर्च वाचून दाखवला गेला पाहिजे, गावच्या बुद्धविहारात, सगळ्यांसमोर.

आणि मागणी? ब्रिटनने आपल्या १८८३ च्या कायद्यातली त्रुटी ओळखून २००० साली पक्षांच्या खर्चालाही मर्यादा घातली आणि देणगीदार उघड करायला लावले. आपण तो जुना साचा उचलला, पण त्याची दुरुस्ती उचलली नाही. पक्षांच्या खर्चाला मर्यादा, प्रत्येक मोठ्या देणगीदाराचे नाव मतदानाआधी जाहीर, हिशोब न देणाऱ्या पक्षावर खरी कारवाई, आणि कलम १४-ब मधली पाच वर्षांची शिक्षा खासदाराच्या तीन वर्षांपेक्षा जास्त नको. येत्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येकासमोर या चार मागण्या ठेवा. आधी पक्षाचा हिशोब, मग आमचे मत.

जय भीम! जय संविधान!